कोंबड्या, परस आणि माझी नात यांच्या व्यवस्थेबाबत

बाळा, हे वकीलसाहेबांनाच मोठ्याने वाचू दे. तू वाचायला घेतलंस तर दुसऱ्या पानावर पहिलं विसरशील. मागच्या खेपेला आलास तेव्हा बायकोला बसथांब्यावर विसरून आलास, आणि वर मलाच विचारलंस, "आई, आज एवढं शांत का वाटतंय?" म्हणून या वेळी सगळं शिक्क्यानिशी सांगते. आणि मी मरायची वाट न बघता आजच ऐकवते.

मी, खाली अंगठा उमटवणारी, अक्षरशत्रू पण शुद्धीवर असलेली, असं लिहवून ठेवते की माझं हृदय आता भरवशाचं राहिलेलं नाही, डोकं मात्र आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली सांगत नाही. दबाव आणायला तुझे वडील उरले नाहीत, आणि होते तेव्हाही त्यांना ते जमलं नाही.

घर. रस्त्याकडच्या दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर आणि वरचा पत्रा मुलाला द्यावा. पत्रा गळतो. तो "पुढच्या रविवारी" दुरुस्त होणार आहे. तो रविवारही मुलालाच द्यावा.

परस. घरामागची जागा, भोपळ्याचा मांडव, लिंबाचं झाड, खुराडं आणि सगळ्या कोंबड्या माझ्या नातीला, म्हणजे माझ्या गेलेल्या मुलीच्या मुलीला द्याव्यात. परसात जायची वाट मुलाच्या स्वयंपाकघरातूनच आहे. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, अशाने भांडणं होतील. मागून फाटक काढून द्या." मी म्हटलं, "भांडायला का होईना, रोज एकमेकांचं तोंड तर दिसेल. फाटक काढू नये असंच लिहा."

कोंबडा मात्र समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना द्यावा. तो पहाटे आरवतो म्हणून त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली होती. या वयात माणसाला उठवणारं कोणीतरी हवं.

आता कारण. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात कारण द्यावं लागत नाही. मरणार मी आहे, ते नाहीत.

माझी मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स होती. साथीत पाळीवर पाळी करत राहिली. घरी आली की दाराशी बूट काढता काढता झोपायची. "एवढी साथ सरू दे आई, मग निवांत झोपते," म्हणायची. साथ सरत आली आणि ती वॉर्डातच उभ्याउभ्या कोसळली. दवाखान्याने तिचा फोटो भिंतीला लावला. मला लेक हवी होती.

तिची पोर मी वाढवली. ती रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोनवर बसते. लोक मरणाच्या दारातून फोन करतात, आणि गाडी पोचेपर्यंत ही त्यांना बोलतं ठेवते. त्या नोकरीचा अर्ज तू आणलास, बाळा. "बसून काम आहे, आई. ताईसारखी दगदग नाही," म्हणालास. माझा हा राग वाटून द्यायचा नाही. तो अख्खा तुझ्या वाट्याला.

या हिवाळ्यात एका बाईचा फोन आला. घरात धूर, दार उघडेना. पोरगी म्हणत राहिली, "मावशी, गाडी निघालीय, माझ्याशी बोलत राहा." गाडी पोचायच्या आधीच मावशी बोलायची थांबली. तेव्हापासून नात खुर्ची सोडत नाही. रजा घेत नाही, उलट दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घेते. मी म्हटलं, "अगं, दोन घास खाल्लेस तर जग बुडत नाही." तर म्हणते, "आजी, मी उठले आणि तेवढ्यात फोन वाजला तर?" मागून पाहिली की मला तिची आईच दिसते. तशीच मान, तशीच हाडं.

कोंबड्यांची काळजी. नीट ऐक. तांबडी सध्या खुडूक आहे. अंडी मी काढून घेतली, तरी विटेचा तुकडा उबवत बसली आहे. खुडूक कोंबडीला भूक कळत नाही. जवळ दाणे असले तरी उठत नाही, बसल्या जागी वाळून जाते. तिला समजावून उपयोग नसतो. दोन्ही हातांनी खालून उचलायचं, टोचलं तरी सोडायचं नाही, दाण्यापाण्यापाशी ठेवायचं, आणि खाईपर्यंत तिथंच उभं राहायचं. रोज. आज राहिलं तर उद्या दोनदा उचलू, असं चालत नाही.

नातीलाही मी असंच उचलत आले. डबा घेऊन जायचं आणि तिच्या खुर्चीमागे उभं राहायचं. तिथला साहेब म्हणाला, "आजी, बाहेरच्यांना आत मनाई आहे." मी म्हटलं, "बरं, मग खिडकीतून ओरडते. फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल." त्याने मुकाट स्टूल आणून दिलं. पण परवा-तेरवा मी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच बसले. आता शेजारच्या शिंपीणबाई डबा पोचवतात. भल्या बाई, टेबलावर ठेवून येतात. तो जातो तसाच भरलेला परत येतो. झाकण उघडायला माझा हात धजत नाही, बाळा. एक गेली. दुसरी जाताना बघायला नको म्हणून आपणच आधी जावं म्हटलं, तर तिला उचलणार कोण? मला धड मरताही येत नाही.

म्हणून अट. मुलाने या घरात येऊन राहावं, रोज डबा स्वतः न्यावा, आणि ती खाईपर्यंत उभं राहावं. घर मी गेल्यावर, डबा उद्यापासून. विसरलो म्हणू नये. तू जन्मभर पाणीपुरवठ्यात काढलास. माझं औषध विसरलास, पण पहाटेचं पाणी सोडायला एकदाही विसरला नाहीस. सारं शहर साक्षीला आहे. हा एक व्हॉल्व्ह जास्तीचा समज.

वकीलसाहेब म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिकू दे. मी हात जोडले आहेत. ते कागदावर उमटत नाहीत, म्हणून शब्दांत लिहवून घेतलं.

खुरपं कोणालाच नाही. ते शिंपीणबाईंनी मी जिवंत असतानाच नेलं आहे.

अंगठा: उमटवला.
साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई (सही. खुरप्याचं वाचून दाखवल्यानंतर केली.) २. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
ठिकाण: स्वयंपाकघर, परसाच्या दारापाशी.
तारीख: वकीलसाहेबांनी वर घातली आहे ती.

शाई वाळायच्या आत एक राहिलं, तेही वैध धरावं. उद्याच्या डब्यात अंडी उकडून ने, पण सोलून. सालासकट दिलीस तर "नंतर सोलते" म्हणेल. मीठ लाव, अर्धी कर. एका हाताने खाता आली पाहिजेत, दुसरा हात ती फोनवरून काढणार नाही.