मागच्या चाकातली हवा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की तेच त्याला सोडत नाहीत? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. हे वाक्य लिहितानाच लाज वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

परवा फोनवर तू माझ्या शोकसभेतल्या भाषणाचं तोंडभरून कौतुक केलंस. (व्हिडिओ तुला हिने पाठवला, मी नव्हे. मी फक्त कुठला पाठवायचा ते सांगितलं.) पण त्या भाषणाआधी काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि ते फोनवर सांगण्याची माझी छाती नाही.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात. गेली दहा वर्षं माझ्या पँटी कंबरेत सैल करून देतात त्याच. त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता. सीमेवरची ही लढाई सुरू झाली तेव्हा माझे केस काळे होते, आता उरलेत तेवढे पांढरे आहेत, आणि लढाई आहे तिथेच आहे. ती आम्ही चार निवृत्त माणसं रोज संध्याकाळी गच्चीवरच्या बाकावर बसून जिंकतो. एकदाचं घुसून सोक्षमोक्ष लावा, होऊ दे काय व्हायचं ते, हे माझं ठरलेलं वाक्य. तहाबिहाची भाषा कुणी केली तर मी त्याला बाकावर जागा देत नाही. (चौघांची मिळून सात मुलं. सैन्यात एकही नाही. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं म्हणतात ते हेच, पण बाकावर गार वारा असतो, तिथे असलं काही सुचत नाही.)

तर त्या मुलाची एक स्कूटर होती. वर्षातले अकरा महिने ती लिफ्टजवळच्या सावलीतल्या जागेत कापड पांघरून उभी, आणि माझी नवी गाडी बाहेर उन्हात. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी तीन नोटिसा लावल्या, की वापरात नसलेली वाहने हलवावीत. बाई दर वेळी नोटीस वाचायच्या आणि स्कूटर पुसायच्या. मागच्या महिन्यात तो सुट्टीवर आला. चाक बसलं तर तो गाडी दुरुस्तीला नेईल, आणि जागा मोकळी झाली की आपण आपली घुसवू, असा मी डाव रचला. एका दुपारी सगळे जेवून लवंडले असताना खाली गेलो, मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हमधली पिन काढली आणि खिशात घातली. घुसून सोक्षमोक्ष लावण्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग.

त्याची सुट्टी दुसऱ्याच दिवशी संपत होती, हे मला माहीत नव्हतं. (माहीत असतं तर थांबलो असतो का, हे मात्र विचारू नकोस.) तो गेला, आणि एकोणिसाव्या दिवशी बातमी आली.

शोकसभेची सगळी तयारी मीच केली. दोन मिनिटांची शांतता मीच फर्मावली, त्यात लिफ्ट तेवढी 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणत राहिली. मग मी बोललो. रक्ताचा थेंब न् थेंब, मातीचा कण न् कण, सगळं तू ऐकलंसच. बोलण्याच्या भरात ठरावही मांडून मोकळा झालो, की त्याची स्कूटर कधीही जागची हलवायची नाही, तेच आपलं स्मारक. टाळ्या पडल्या. मग कुणीतरी बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. व्हिडिओ तिथेच संपतो, म्हणून त्या काय म्हणाल्या ते लिहितो.

"मला मागे बसवून स्टेशनपर्यंत नेणार होता, तिथून गाडी त्याचा मित्र परत आणणार होता. सकाळी बघतो तर चाकात हवा नाही. मग बॅग खांद्याला लावून धावतच गेला. मी जिन्यातूनच हात केला. हवा असती तर अर्धा तास जास्त मिळाला असता."

तिथे न रडलेला माणूस नव्हता, आणि सगळ्यांत जास्त मी रडलो. शेजारी माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, याला म्हणतात देशप्रेम, असं कुणीसं म्हणालंही. लहानपणी दौत फोडायचो मी आणि फोडणाऱ्याला शोधायला सगळ्यांच्या पुढेही मीच, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तेव्हा तू एक धपाटा घालायचीस आणि विषय मिटायचा. इथे मला धपाटा घालणारं कुणी नाही, उलट सगळे मान देतात. मी बाकावर जायचं सोडलंय. कंबर धरलीय म्हणून सांगितलंय.

भाऊजींना नमस्कार सांग. राग आला तर तो तसाच ठेव, मला त्याची गरज आहे.

तुझा धाकटा

ता. क. भाऊजींनी दोन वर्षांपूर्वी नेलेला पायाने हवा भरायचा पंप पाठवून दे. पत्र खरं तर त्यासाठीच आहे. स्मारक दुकानात नेता येत नाही, आणि पंक्चरवाल्याला इथे बोलावलं तर तो चारचौघांत पहिल्यांदा पिन कुठे गेली ते विचारेल. पिन माझ्या टेबलाच्या खणात आहे. कुणी विचारलंच तर पंप माझ्या गाडीसाठी मागवलाय म्हण. (बघ, अजूनही.)

आणखी एक. पाकीट चिकटवणार तोच बाई आल्या. स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा चालू करत जा. तो म्हणायचा, आई, माझ्या गाडीवर लक्ष असतं ते एका सेक्रेटरीकाकांचंच." हे तो हसून म्हणायचा का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. पिन काढून त्यांच्यासमोर ठेवावी, असं खरंच मनात आलं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की काळजी करू नका. जाताना त्यांनी माझी सैल केलेली पँट घडी करून खुर्चीवर ठेवली. किल्ली मी खणात पिनेशेजारी ठेवली आहे. पंप लवकर पाठव.