गरज नाही, हक्क आहे

१४ फेब्रुवारी, शनिवार

घर धैर्यशीलच्या नावावर करायला खरा खर्च किती आला ते आधी लिहून ठेवतो. नंतर कुणी फुगवून सांगायला नको.

वकील: अठराशे डॉलर, वर जीएसटी. हा पेटोनीतला. अप्पर हटमधला वकील म्हणत होता, आधी नीट सल्ला घ्या, घाई करू नका. सल्ल्याचे पैसे वेगळे! त्याला दारातूनच नमस्कार केला.

पार्किंग: सहा डॉलर. परत यायला उशीर झाला म्हणून दंड: वीस. स्नेहलता माझा हात धरून चालते, त्यामुळे वेग कमी पडतो.

स्नेहलताची सही: एक मसाला डोसा. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात कुठेतरी नेणं भागच होतं, तेव्हा हा खर्च खरं तर धरायला नको.

वाचलं काय: साडेसात लाखांचं घर.

इथल्या रेस्ट होमचं, म्हणजे वृद्धाश्रमाचं, आठवड्याचं बिल ऐकलं की माणूस जागीच बरा होतो. ज्याच्याकडे काही आहे त्याने ते संपेपर्यंत भरायचं, नसेल त्याचं सरकार भरतं. तर कालपासून माझ्याकडे फारसं काही नाही. ट्रेंटममध्ये एकोणीस वर्षं डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, चालवली. दूध, ब्रेड, मीट पाय, लॉटोची तिकिटं. पोरं लॉली-चॉकलेटं उचलायची तेव्हा मागच्या खोलीत बसून कागदाच्या आवाजावरून ओळखायचो, कोणती उचलली. कान आजही तसेच आहेत. मला सरकार काय गुंडाळणार?

मला रेस्ट होमची गरज नाही, हे इथे नमूद करतो. स्ट्रोकनंतर डावी बाजू जरा आळशी झाली आहे, इतकंच. पण तीस वर्षं टॅक्स भरलाय. गरज नाही, हक्क आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

धैर्यशीलचा ऑकलंडहून फोन. अल्बनीत राहतो, आयटीत आहे, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. म्हणाला, बाबा, हे तुम्ही खरंच केलंत? आय थॉट यू वर जस्ट आस्किंग. मी म्हटलं, विचारत बसलो असतो तर आयुष्यभर पेटोनीच्या फॅक्टरीत वेल्डिंग करत राहिलो असतो.

संकल्प: उद्यापासून रिव्हर ट्रेलवर रोज चालणे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वारा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वारा नाही, पण ऊन.

सकाळच्या आंघोळीला हल्ली वेळ लागतो, कारण स्नेहलता बाथरूममध्ये गप्पा मारायला येते. या वयात नवरा-बायकोत इतकं बोलणं असतं कुठे? माझा मित्र गुरुनाथ आणि सुनेत्रावहिनी चहासुद्धा वेगवेगळ्या खोल्यांत पितात. मी खुर्चीवर बसून ऐकतो, तिच्या हाताला काहीतरी काम हवं म्हणून साबण तिच्याकडे.

२२ फेब्रुवारी, रविवार

कानांचा आज फायदा झाला. मी लाउंजमध्ये, टीव्हीवर क्रिकेट. स्नेहलता किचनचं दार लावून बहिणीशी, हॉर्नबीच्या सुलेखाशी, फोनवर. दार लावलं म्हणून काय झालं? स्पष्ट ऐकलं. म्हणत होती, सुले, आता माझ्याने उचलवत नाही गं. पाठ म्हणजे नुसती पेटलेली असते. यांना काय सांगू?

न सांगता कळणारा नवरा मिळायला भाग्य लागतं. दुपारीच ऑनलाइन ऑर्डर केली: चार चाकांची शॉपिंग ट्रॉली. आता तांदळाची पिशवी उचलायला नको.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ट्रॉली आली. स्नेहलता तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे. भारावली असावी.

२१ मार्च, शनिवार

मंडळाचा पाडवा, लोअर हटच्या हॉलमध्ये. श्रीखंड उत्तम, भाषणं लांब. गुरुनाथला घराचा किस्सा सांगितला, आजूबाजूचे चौघे कान देऊन ऐकत होते. गुरुनाथ म्हणाला, पण शिऱ्या, रेस्ट होममध्ये जायचं कशाला ठरवतोयस? तुला धाड भरलीय का? मी म्हटलं, छे! अजिबात नाही. तो म्हणाला, मग ते तुला घेतील कसे? मी म्हटलं, कागद पक्के आहेत. त्यावर तो पुरी खात राहिला. काही लोकांना लांबचं दिसत नाही.

हॉलच्या खुर्च्या फार खोलगट. निघताना तिघं मदतीला आले. मंडळात अजून आपुलकी टिकून आहे.

घरी येताना गाडीत स्नेहलता म्हणाली, तुम्ही जाणार असाल तर जा हो, पण लवकर काय ते ठरवा. पहिल्यांदाच माझ्या प्लॅनला तिचा असा उघड पाठिंबा!

७ एप्रिल, मंगळवार

जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, शिफारस केली. गरज किती आहे ते तपासायला एक बाई घरी येणार, शुक्रवारी १७ तारखेला. तिने हो म्हटलं की पुढे पैशांची तपासणी. म्हणजे खरी परीक्षा पैशांचीच. हा पहिला पेपर तोंडी, सोपा.

संकल्प: तोपर्यंत रोज चालणे, म्हणजे चांगलं इम्प्रेशन पडेल.

८ एप्रिल, बुधवार

पाऊस.

१६ एप्रिल, गुरुवार

तयारी. केस कापून घेतले. निळा शर्ट इस्त्रीला. स्नेहलताला सांगितलं, बाथरूममधली ती प्लॅस्टिकची खुर्ची आणि बेडखालचं भांडं गराजमध्ये टाक, पाहुण्यांना दिसायला नको. ती म्हणाली, अहो, ती बाई तेच बघायला येणार आहे. म्हटलं, उद्या आपल्या घराची शोभा होईल. शंकरपाळे कर.

तिने केले. उभं राहून लाटताना दोनदा ओट्याला टेकली. ओट्याची उंची चुकीची आहे, हे मी घर घेतलं तेव्हाच म्हटलं होतं.

१७ एप्रिल, शुक्रवार

दणदणीत!

बाई ट्रेसी नावाची. बूट बाहेर काढून आत आली, म्हणजे संस्कारी. किया ओरा शेरीश, म्हणाली. म्हणजे नमस्कार; माझ्या नावाचा उच्चार माफ. मी खुर्चीतून उठून हात मिळवला. (स्नेहलताने मागून बेल्ट धरला होता, पण समोरून दिसत नव्हतं.)

ट्रेसीने विचारलं, जेवण? म्हटलं, दोन्ही हातांनी. कपडे? हा शर्ट बघा, बटणं मोजा. जिने? आमच्याकडे जिना नाही, पण असता तर चढलो असतो. रात्री उठावं लागतं का? एकदाच, आणि मी स्वतः उठतो. चालणं? रिव्हर ट्रेल, डेली. आंघोळ? रोज, एकटा, थंड पाण्याने. यावर ती म्हणाली, ओह वाव.

मग तिने स्नेहलताला विचारलं, अँड हाऊ आर यू कोपिंग? स्नेहलताने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शी इज व्हेरी हॅपी. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायची आमच्याकडे पद्धत नाही. तिने शंकरपाळ्यांची डिश पुढे केली.

निघताना ट्रेसी म्हणाली, शेरीश, यू आर अमेझिंग, हीप्स बेटर दॅन आय एक्स्पेक्टेड. हीप्स म्हणजे ढीगभर. ही माणसं सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत.

दार लागल्यावर स्नेहलता म्हणाली, स्थळ बघायला आली होती का हो ती? मग किचनमध्ये जाऊन भांडी आपटली. आनंद प्रत्येकाचा वेगळा.

१ मे, शुक्रवार

ट्रेसीचा फोन. रेस्ट होमची गरज सिद्ध होत नाही म्हणाली. आठवड्याला एक तास घरकामाला कुणीतरी पाठवतील. मी म्हटलं, पैशांचा पेपर तरी बघा, त्यात मी पूर्ण नादार आहे. ती म्हणाली, तिथपर्यंत जायचं कारणच नाही, यू आर डूइंग सो वेल.

म्हणजे नापास होण्याइतका पास झालो. शहात्तराव्या वर्षी किती जणांना हे जमतं?

सोडणार नाही. अपील करणार. मी धडधाकट नाही हे शाबीत करायला जी धावपळ लागेल ती करायची माझी तयारी आहे. गुरुनाथला फोन करून सांगितलं. तो हसला तो थांबेचना, मग सुनेत्रावहिनींनी फोन घेऊन विचारलं, स्नेहलता कशी आहे? काय संबंध?

स्नेहलताला निकाल सांगितला तेव्हा ती ट्रॉलीचं हँडल धरून बसली होती. हल्ली घरातही ती ट्रॉली घेऊनच फिरते. बघा, किती उपयोगाची निघाली.

९ मे, शनिवार

बाथरूममध्ये अपघात. माझा नाही. गप्पा मारता मारता स्नेहलताने मला भलताच हिसका दिला आणि स्वतःच खाली बसली. मी खुर्चीवर ठीक होतो. ती ओली फरशी सोडून उठेना. म्हटलं, उठ की. ती म्हणाली, आता तुम्ही उठा. आणि रडायला लागली. मी उठायचा प्रयत्न केला.

शेजारचा डेव्ह बाथरूमचं दार ढकलून आत आला. तिची हाक ऐकून. तोपर्यंत पाणी गार झालं होतं.

ती हट हॉस्पिटलमध्ये. मणक्याला फ्रॅक्चर. डॉक्टरांनी तिला विचारलं, किती दिवसांपासून उचलताय? मी सांगितलं, तांदूळ आता ट्रॉलीत येतो. डॉक्टर म्हणाले, नो, आय मीन लिफ्टिंग यू.

१० मे, रविवार

धैर्यशील सकाळच्या फ्लाइटने आला. बाथरूममधली प्लॅस्टिकची खुर्ची बघितली. म्हणाला, ही कुणाची? म्हटलं, घरात असते.

मग त्याने मला आंघोळ घालायला घेतली. आयटीतला माणूस. पाणी आधी उकळतं, मग बर्फ. नंतर मी अर्धवट उठलेला आणि तो माझ्या बगलेत अडकलेला. शेवटी आईला फोन लावून स्पीकरवर ठेवला. ती हॉस्पिटलच्या बेडवरून सांगत होती. अरे, आधी त्यांचा उजवा हात दांडीवर. डाव्या पायामागे तुझा पाय लाव, नाहीतर सरकतो. मग ‘उठा राजे’ म्हण. नाही रे, मोठ्याने म्हण, त्याशिवाय उठत नाहीत. आणि ते ओरडले तर लक्ष देऊ नकोस, पाणी डोळ्यांत गेलं की ओरडतात. पाठ शेवटी. पाठ नीट पूस, नाहीतर रात्रभर खाजवायला लावतात.

धैर्यशील म्हणाला, उठा राजे. मोठ्याने नाही. तरी उठलो.

कान चांगले असण्याचे तोटेही असतात. फोनच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या बेडवरच्या बाईने स्नेहलताला विचारलं, इज दॅट युअर बेबी? ती म्हणाली, यस.

१८ मे, सोमवार

धैर्यशील मला अप्पर हटच्या त्याच वकिलाकडे घेऊन गेला. दारातून नमस्कार केलेल्या. सल्ल्याचे पैसे आधी भरले.

त्याने शांतपणे विचारलं, घर देऊन का टाकलंत? मी म्हटलं, वाचवायला. तो म्हणाला, कुणापासून? तुम्ही रेस्ट होममध्ये गेलात तरी तुमची मिसेस घरातच राहणार होती ना? बायको राहते ते घर तुमच्या बाबतीत बाजूला ठेवता आलं असतं. तुमची बचतही मर्यादेच्या आत आहे. काहीच केलं नसतंत तरी चाललं असतं. आता मात्र मोठी मालमत्ता देऊन टाकलीत म्हणून ते ती हिशेबात धरू शकतात. आणि मिसेस राहतात ते घर आता त्यांचं नाही.

धैर्यशील म्हणाला, मी परत करतो, कितीही खर्च येऊ दे. वकील म्हणाला, बघू, पण सोपं नाही.

सायंकाळी हॉस्पिटलमध्ये स्नेहलताला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, डोसा तरी बरा होता. मग म्हणाली, अहो, मला त्या घराचं काही नको. मला फक्त आठ तास झोपायचंय.

मी काहीतरी ठणकावून बोलणार होतो. शब्द तयार होते. नर्स आली आणि राहिलं.

२१ मे, गुरुवार

ट्रेसी पुन्हा आली. हॉस्पिटलने तातडीने पाठवली. घरी मी आणि धैर्यशील. निळा शर्ट धुवायला पडला होता, म्हणून बंडीवरच बसलो. खुर्ची बाथरूममध्ये, भांडं बेडखाली. शंकरपाळे नव्हते.

तेच प्रश्न. शर्टची बटणं कोण लावतं? ती. रात्री? तीनदा, ती उठवते. रिव्हर ट्रेल? म्हटलं, पार्किंगमधून बघतो, गाडीत बसून. ट्रेसी लिहीत होती. वर बघत नव्हती, तो तिचा मोठेपणा.

मग म्हणाली, शेरीश, अँड द शॉवर?

मी म्हटलं, स्ट्रोक झाल्यापासून स्नेहलता आंघोळ घालते.