हात कोणी जोडले?

केळापूर,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय भीमराजदादा,
सप्रेम जयभीम. वि. वि.

घरी सारे खुशाल, माझंच डोस्कं तापलं हाये. मराठी अंकात छापलेली माझी कापूस वेचणाऱ्या बायांची कथा आता हिंदी मासिकात आली. शाळेतल्या साधनाबाईंनं वाचून दाखवली. माझ्या कथेत, औषध फवारलेल्या वावरात मालकानं त्याच दिवशी वेचाले लावलं, तं बाया ओट्या सोडून चालत्या झाल्या. हिंदीत त्याच बाया मालकाच्या दारात हात जोडून रडून राह्यल्या! साधनाबाईंनं अनुवादकाले विचारलं. त्यानं कळवलं का, गरीब बायांचा असा तोरा वाचकाले पटत नाई, आसवांनं काळीज हालते. दादा, त्या वावरात मी होती. हात जोडले कोणी? काकू म्हणते, छापून आलं ना, मंग कायले भांडतं? भांडू नाई तं काय करू?

वहिनीले जयभीम. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी पंचफुला

आदिलाबाद,
२६ नोव्हेंबर २००६

चि. पंचफुलास,
जयभीम व आशीर्वाद.

वाचून माझ्याही अंगाची लाही झाली. त्यात ऐक. इथल्या कॉलेजातल्या अनसूयाबाई त्याच हिंदीवरून तुझी कथा तेलुगूत करून राह्यल्या होत्या! कापसाच्या जिनिंगातून सुट्टी काढून त्याहीच्याकडे गेलतो. त्याहीले सांगितलं का हे रडगाणं माझ्या बहिणीचं नाई. वाटलं चिडतील, तं त्याहीनं लिहिलेली पानं बाजूले सारली अन् मराठी अंक मागितला. उशीर झाला तरी चालेल म्हणाल्या. आता एकेक शब्द विचारतात. ओटी म्हणजे झोळी का? म्या कंबरेले पदर बांधून दाखवला! कथेतल्या बाया म्हणतात ‘आमी नाई येचत’, यात विनवणी हाये का नकार, हे त्याहीले तुझ्याच तोंडून पायजे. लवकर लिही.

दूर असलो तरी तुझाच,
भीमराज

केळापूर,
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तेलुगू अंक भेटला. एक अक्षर लागत नाई, तरी पान पान पाह्यलं. तू म्हणतं नकाराचा नकारच ठेवला, म्हणून अनसूयाबाईले माझा जयभीम सांग. हिंदीवाल्याईले तिसरं पत्र धाडलं, उत्तर नाई. चौथं लिवून राह्यली.

तू लिवलं का जिनिंगातल्या तेलुगू बायांसमोर तूच कथा वाचली, अन् एका म्हातारीनं विचारलं का मंग मालकानं काय केलं. दादा, हे मले आजवर कोणी विचारलं नवतं. तिले सांग, दोन दिवस तो गुरगुरला. तिसऱ्या दिवशी त्यानं ‘या’ म्हणून निरोप धाडला. आमी पाचव्या दिवशी गेलो, वास गेल्यावर, आमच्या मर्जीनं.

त्या म्हातारीचं नाव लिवून पाठव. तुझा अन् वहिनीचा माझ्यावर जीव असू दे.
तुझी पंचफुला