मध्ये एकच भिंत

रोहा, मंगळवार, संध्याकाळ

शेजारची सुनीता सकाळी दारात आली तेव्हाच कळलं, माझ्या पेटीबद्दलच असणार. "वयनी, राग नका मानू. डोक्याचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना आवाज सोसत नाय. डोकं धरून रडतात ओ." तिचं काय चुकलं? मध्ये एकच भिंत.

पण मी तरी काय करू? अर्धांगवायू झाल्यापासून आमचे हे बोलत नाहीत. मी पेटी वाजवली की मात्र डाव्या हाताची बोटं चादरीवर ताल धरतात. दिवसभरात तेवढंच.

दुपारी खिडक्या लावल्या, भिंतीला गाद्या उभ्या केल्या, पेटीवर गोधडी टाकली आणि भाता अगदी हळू हलवला. ह्यांना ऐकूच गेलं नाही, कानाने आधीच कमी. बोटं हलेनात. मग गोधडी काढली, जरा मोठ्याने वाजवलं. बोटं हलली! आणि पलीकडून कण्हणं ऐकू आलं. एवढा मोठा पुरुष, लहान मुलासारखा.

ह्यांना ऐकू जाईल ते त्याला टोचणारच. यातून वाट कुठली? आणि दुसरी खोली आणू कुठून?

शेवटी भावाला बोलावलं आणि पेटी त्याच्या गावी, गडबला पाठवून दिली. नेताना हे बघत होते. पेटी कुठे चालली ते विचारणार कसे?