पाहुण्यापुढे बंद हापसा

मुलुंड, ७ फेब्रुवारी १९८४

चि. द्रौपदी हिस,
अ. आ. व जयभीम.

इकडे सर्व ठीक. तुझी शेंगदाण्याची चटणी तुझ्या वहिनीला, सुगंधाला, इतकी आवडली की माझ्या वाट्याला बरणीचं झाकण आलं.

काल अंधेरीला त्या नॉर्वेच्या संस्थेची बैठक होती. त्यांच्या हापशांचे दांडे माझ्या कारखान्यात बनतात, म्हणून मलाही मागच्या खुर्चीवर बसवलं. इंग्रजी मला अर्धंच येतं, पण कान पूर्ण आहेत. सावरखेड्याचं नाव आलं आणि मी चहा खाली ठेवला. त्यांच्या साहेबानं वाचून दाखवलं, की चौदा गावांतले हापसे उत्तम चालतात, कुणाची तक्रार नाही. तेव्हा बायकांना दुरुस्ती शिकवून हत्यारं द्यायची योजना बंद करावी.

अगं, तुमचा हापसा निम्मं वर्ष बंद असतो असं तूच लिहितेस ना? मग साहेब गावात आला तेव्हा त्याला सांगितलंत काय? खरं ते कळव.

रागाचं वाटलं तरी हे मायेचंच पत्र समज.
तुझा दादा,
अंबादास

सावरखेडा, १५ फेब्रुवारी १९८४

ती. अंबादासदादास,
सा. जयभीम. वि. वि.

साहेब यायच्या आदल्या दिवशी हापसे दुरुस्त करणारा मेस्त्री राजाराम आला. एरवी तीन-तीन महिने हाका मारूनही येत नाही. नवं वायसर टाकलं आणि जाताना म्हणाला, तक्रार केलीत तर हापसा उपटून दुसऱ्या गावाला देतील.

आणि दादा, एवढ्या लांबून माणूस आपल्याला पाणी द्यायला आला. त्याच्या तोंडावर, तुझी वस्तू बिघडते, असं म्हणायचं? पाहुण्याला फुटका कप देतो का आपण? आम्ही हापसा घासून लख्ख केला, ओवाळायचा तेवढा बाकी ठेवला.

पंधरा दिवसांत पुन्हा बंद. आता माझी शकु शाळा बुडवून माझ्याबरोबर ओढ्यापलीकडे पाण्याला येते. यंदा तिची सातवी. बाई म्हणतात, अशीच गैरहजर राहिली तर परीक्षेला बसवणार नाही.

वहिनीला नमस्कार. तू रागाव, पण पत्र थांबवू नकोस.
तुझी,
द्रौपदी

मुलुंड, २३ फेब्रुवारी १९८४

चि. द्रौपदी हिस,
अ. आ. व जयभीम.

चूक तुझ्या एकटीची नाही. घरात पीठ नसताना आई पाहुण्याला जेवूनच जा म्हणायची, ते आपल्या अंगात आहे. पण हा साहेब पाहुणा नव्हे, भागीदार आहे. त्याचा देश पैसा देतो, मी दांडा घडवतो, तुम्ही हापसता. तिघांतलं एक जण गप्प बसलं की सगळ्याची वाट लागली.

मी त्याला जिन्यात गाठलं. माझ्या इंग्रजीला तो हसला, पण ऐकलं. चौदा मार्चला तो पुन्हा येतोय, आणि योजनेचा निकाल तेव्हाच.

माझ्या कारखान्यातला कुंडलिक एस.टी.नं हत्यारं आणि वायसरं घेऊन निघालाय. दोन दिवसांत हापसा खोलायला-जोडायला शिका. मग झिजलेलं वायसर परत बसवा आणि हापसा बंदच ठेवा. राजारामला तारीख कळू देऊ नका. साहेबाला दांडा धरू दे. तोवर त्याला तांब्या पुढे करायचा नाही. तुझ्यासाठी हेच सगळ्यात अवघड, मला ठाऊक आहे.

शकुच्या पाठीवर माझा हात आहे असं सांग.
तुझा दादा,
अंबादास

सावरखेडा, १६ मार्च १९८४

ती. दादास,
सा. जयभीम. वि. वि.

साहेबानं दांडा धरला. आम्ही मोजलं, साठ वेळा हापसलं. लालबुंद झाला बिचारा. माझा जीव घरातल्या तांब्याकडे ओढ घेत होता. मी पदर मुठीत धरून उभी राहिले. हापसा कधीपासून बंद, असं त्यानं दुभाष्याकडून विचारलं. सरपंच काही बोलायच्या आत मी म्हणाले, "तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी. मागच्या वेळी आम्ही खोटं बोललो."

सगळे पुरुष खाली बघायला लागले. मग कुंडलिककडून शिकलेल्या आम्ही सहा जणींनी पदर खोचले. पाइप वर ओढताना तो मदतीला धावला, त्याला बाजूला केलं. झिजलेलं वायसर त्याच्या हातावर ठेवलं, नवं बसवलं. पाणी आलं तेव्हा पहिला तांब्या त्यालाच दिला. पिऊन झाल्यावर त्यानं आपल्या कागदावर आडवी रेघ मारली. योजना चौदाही गावांत होणार, आणि शिकवणारीच्या जागी माझं नाव लिहून नेलंय. शकु कालपासून शाळेत जाते.

आज वरच्या वाडीचा निरोप आला. त्यांचा हापसा महिनाभर बंद आहे, येता का म्हणून. त्या वाडीच्या विहिरीत आईला कधी पोहरा सोडू दिला नाही. ती घागर ठेवून लांब उभी राहायची, कुणाला दया आली तर ओतायचे. सोमवारी आम्ही सहा जणी जातोय. पाणी आलं की पहिली घागर मी भरणार, माझ्या हातानं, आणि मग त्यांना सांगणार, आता तुम्ही भरा.

तुमची सगळ्यांची माया पाठीशी आहेच, ती तशीच राहो.
तुझी,
द्रौपदी