पिकअपखालचा पुठ्ठा

प्रिय मल्लू,

हे तक्रारपत्र आहे, नीट बसून वाच. तुझ्या पिकअपने आपल्या दारातल्या शहाबादी फरशीवर परातीएवढा काळा डाग पाडला आहे. लिंबू झालं, राख झाली, सोडा झाला. शेवटी तुझ्या वहिनीने माझ्या हातात नारळाची शेंडी दिली आणि ‘घासा’ म्हणाली. बावन्न वर्षांचा संस्कृतचा मास्तर रोज सकाळी गाडीखाली आडवा होऊन फरशी घासतोय, हे दृश्य सगळ्या गल्लीने सात महिने फुकट पाहिलं. याला जबाबदार कोण?

आणि ‘प्रिय’ वाचून हसू नकोस. धाकट्या भावाला ‘चिरंजीव’ लिहायचं ही आपली रीत. हात तिकडे गेलाही होता. मग थांबला.

तू होतास तेव्हा फरशी स्वच्छ असायची, कारण तू पुठ्ठा टाकायचास. गाडी लावली की टीव्हीच्या खोक्याचा तो पुठ्ठा बरोबर गिअरबॉक्सच्या खाली सरकवायचा आणि सकाळी देवाच्या आधी त्याचं दर्शन घ्यायचं! सील जुनं, थेंब थेंब ऑइल गळायचं. रात्रीत किती ठिपके पडले, केवढे पडले, हे बघून तू वर ऑइल घालायचास. मी विचारायचो, “काय ज्योतिषीबुवा, साडेसाती आहे का?” तू गुडघ्यावर बसूनच म्हणायचास, “तुमच्या पोथ्या तुम्ही बघा अण्णा, माझी मला बघू द्या.”

तू गेल्यावर आठ-दहा दिवसांनी अंगण आवरलं. त्यात तुझी ती पोथी मी रद्दीवाल्याला देऊन टाकली. घाण दिसते म्हणून!

तुझं काम मात्र बंद पडलं नाही. महिन्याभरात तुझ्या महादेवीने किल्ली उचलली. मोडनिंबच्या बागांतून डाळिंबाचे क्रेट भरायचे आणि सोलापूरच्या मार्केट यार्डात आणायचे. तू तिला गाडी शिकवलीस तेव्हा मी थट्टा केली होती. आता तीच गाडी घर चालवते. मी अजून स्कूटरच्या पुढे गेलेलो नाही.

पहिले चार महिने रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरून तिच्या रडण्याचा आवाज यायचा. आम्ही खाली टीव्ही बंद करून बसायचो. मग तो आवाज थांबला. तुझी वहिनी म्हणाली, “सावरली बिचारी.” मीही मान डोलावली. घरात पुन्हा बातम्या सुरू झाल्या.

आणि दोन आठवड्यांपूर्वी डागही थांबला. सकाळी वाकून बघतो तर काय, फरशी कोरडी! मी इतका खूश झालो की महादेवीला जिन्यातच गाठलं.

“गाडी बरी झाली बघ. गळती आपोआप थांबली.”

ती म्हणाली, “बरं झालं की, अण्णा,” आणि गाडी घेऊन गेली. रोज जात राहिली.

परवा शनिवारी दुपारी तिचा फोन आला. “अण्णा, मोहोळच्या अलीकडं गाडी जाम झालीय. गिअर पडंना. माल न्यायला दुसरी गाडी बघा.” दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर’ सांगावं, तसा आवाज.

मी स्कूटरवरून पोचलो. गाडी रस्त्याच्या मधोमध. मागे मालट्रक तिरका होऊन दुभाजकाला टेकलेला, दोन्हींत हातभर अंतर. ट्रकचा ड्रायव्हर मला बघताच अंगावर आला. “तुमचीच हायती का ह्या ताई? एवढा हॉर्न मारला वो! खाली उतराय नको?” महादेवी अजून गाडीतच होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मी विचारलं, “उतरली का नाहीस गं?”

“आरशात दिसत होता की ट्रक,” ती म्हणाली. “बघत बसले. उतरावं असं काय वाटलंच न्हाय, अण्णा.”



गाडी ओढून तुझ्या रशीदभाईकडे नेली. त्यांनी गिअरबॉक्सचा प्लग काढला, आत बोट घातलं, बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. बोट कोरडं. मी आपली गळती थांबल्याची हकिकत सांगितली. तसे रशीदभाई म्हणाले,

“सर, गळायचं थांबलं म्हणून खूश झालासा व्हय? आत काय न्हायच, तर गळंल कुटनं? मल्लूभाऊ म्हणायचे, गळतीय तवर काळजी न्हाय.”

हे तू मलाही सांगितलं होतंस, नाही का? मी हसलो होतो. धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असं म्हणता येतं. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. पाठशाळेत पहिल्याच वर्षी हे घोकलं. गाडीखाली वाकल्यावर कुठे गेलं रे ते सगळं?

आणि तू तरी काय केलंस? पंधरा दिवस ‘पित्त झालंय’ म्हणून छाती चोळत होतास, मग म्हणायचा थांबलास. मी सगळ्यांना सांगत सुटलो की आल्याचा रस लागू पडला. चौथ्या दिवशी तू गेलास. एक शब्द जास्त बोलला असतास तर? आणि मी एकदा जास्त विचारलं असतं तर?

गाडीचं होईल रे. रशीदभाई नवीन सील टाकताहेत, दोन गिअर बदलावे लागतील म्हणाले. पुठ्ठाही मी आणून ठेवला आहे, फ्रिजच्या खोक्याचा, चांगला जाड. रोज बघेन.

पण माणसाचा प्लग कुठे असतो? थोरल्या दिराने धाकट्या भावजयीच्या दारात उभं राहून ‘तुला जगावंसं वाटतं ना?’ असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. तरी तुला शब्द देतो, उद्या सकाळी तुझ्या वहिनीला बरोबर घेऊन मी जिना चढणार आहे आणि हे असंच्या असं विचारणार आहे. ती डॉक्टरकडे चला म्हणाली तर नेईन, रडली तर बसून राहीन. रडली तर बरंच.

भीती तिच्या रडण्याची नाही, मल्लू. ती म्हणेल, “मी बरी हाय की, अण्णा,” आणि मी मान डोलावून खाली येईन, याची आहे.

तुझा
अण्णा