ऊन वाढलंय, वेझीचं तेल बंद करा

आई,

तुम्ही चर्चमधून याल तोवर माझी ब्लांटायरची बस निघालेली असेल. वेझीला तुमच्यावर सोपवून चाललेय.

थंडी सरून ऑक्टोबर लागला, आता तिला शेंगदाण्याचं तेल चोळू नका. थंडीत तुमच्या तेलानेच तिची कातडी फुटली नाही, हे मला मान्य आहे. पण या उन्हात तेल लावून बाहेर पडली की पोर भाजून निघते. दवाखान्यातलं उन्हाचं मलम पाण्याच्या मडक्यामागे गार जागी ठेवलंय. शाळेला जाण्याआधी तोंड, मान, कान सगळीकडे ते भरपूर लावा. लांब बाह्यांचा सदरा घालताना ती रडेल. काल मला म्हणाली, "आजी मला तशीच खेळू देते, तूच दुष्ट आहेस!" असू दे.

मामाकडे लग्नाला जाते म्हणाले, ते खोटं होतं. माझ्या कानामागची जखम चार महिने भरत नाही. डॉक्टर तुकडा काढून तपासणार आहेत. माझी कातडीही वेझीसारखीच बिनरंगाची, आणि लहानपणी मला कुणी टोपीसुद्धा घातली नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं.

लिंबानीला अजून बोलले नाही. आमच्या लग्नाआधी तुम्ही त्याला म्हणाला होतात, "हे भूत घरात आणू नकोस." मी दाराबाहेरच उभी होते. पण वेझी जन्मली तेव्हा सगळ्या बायका मागे सरकल्या आणि तुम्ही एकट्या पुढे येऊन तिला छातीशी धरलंत. म्हणून नवऱ्याच्या आधी तुम्हाला सांगतेय.

झिओने